दोन निळ्या खुणा

फोंड्यात, टायरच्या दुकानावर आमची कंपनी:
तिघे जण, दोन खुर्च्या,
फोन पालथा ठेवायची सवय.

कायतानच्या बेकरीतलं आमचं मशीन
उंड्यांचे पैसे कांकणांच्या खात्यात टाकतं.
त्यानं सोमवारी कळवलं. शुक्रवारी परत.
मग नुसतं एक प्रश्नचिन्ह.

मी तीनदा उत्तर लिहायला घेतलं.
'बघतो' खोडलं, कारण बघत नव्हतो.
'उद्या' खोडलं; उद्या धुमेंच्या फार्मसीची पाळी.
खरं होतं ते एवढंसं,
पाठवायचीच लाज वाटली.

आज पहाटे त्याचा मेसेज:
'वहीत लिहितो आता. पेन बरं चालतं.
तुमी बरे आसात मूं?'

खाली कुणी टायरात हवा भरतंय.
मी वाचलंय,
हे आता त्यालाही दिसतंय.