अट क्रमांक सात

"पावसाळी नालीत फक्त पावसाचेच पाणी सोडावे."
परवान्यावरची ही सातवी अट.
टायपिंग माझं, सही साहेबांची.

तांडापेठेत, निमजेंच्या रंगाईच्या अंगणात
मी बाटली घेऊन उभी.
रात्रभर बदाबदा पडून गेलेला.
पिंपांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड,
खड्ड्यातला गाळ काढल्याची तारीख वहीत,
हिरव्या शाईनं.
तरी नाली काळी,
वर तेलाची साय, हळूहळू रंग बदलणारी.

"मी तं लाल रंगवतो जी," धनराज निमजे म्हणाले,
"कधी निळा. लुगड्यायले तेल कायले लावू?"

ही नाली पुढे पिवळी नदीला मिळते.
रंगाचं नाव तिला आमच्या आधीपासूनचं.

आम्ही उलटे निघालो, वाहत्याच्या विरुद्ध.
छत्रीच्या दांड्यानं ते झाकणं उचकत होते.
तिसऱ्याखाली नुसता गाळ.
पाचव्याखाली डिझेलचा वास.
मग भिंत, आणि भिंतीपलीकडे
मनपाचा डेपो:
कचऱ्याच्या गाड्या धुतल्या जात होत्या,
पाईप तसाच सोडून एक पोट्टा चहा पीत होता.

बाटली भरली. चिठ्ठी लावली.
"परवानाधारकाचे नाव" या रकान्यापाशी
पेन अडलं.
आम्ही आम्हाला परवाना कधी मागितलाच नव्हता.

"लिहा ना मॅडम," निमजे म्हणाले,
"पुन्हा आला तं धुवून जाईन सारं."

लिहिलं. आमचंच नाव, पूर्ण पत्त्यासकट.
"महानगर"पर्यंत आले तेव्हा अक्षर फुगलं;
कागदावर थेंब पडला होता,
फक्त पावसाचाच.