कागदावर कागद

पश्चिम बाल्टिमोरमध्ये पत्रं टाकायला
दारातच फट असते, पितळी झाकणाची.
झाकण वर केलं की घराचा श्वास लागतो हाताला.
कुठे कांदा परतलेला, कुठे मांजर,
आणि जुलैच्या त्या आठवड्यात
साऱ्या गल्लीत एकच वास: तापलेल्या गादीचा.

मी अकोल्याची. ऊन मला कुणी शिकवू नये.
आमच्याकडेही मरतात माणसं उन्हानं,
हमाल मरतात, पाठीवर पोतं असताना मरतात,
पण चारचौघांत. कुणीतरी धावतं, कुणीतरी
कांदा फोडून नाकाशी धरतं.
इथं ऊन घरात कोंडलेलं.
चोरांच्या भीतीनं खिडक्यांना खिळे,
छताला डांबर, आणि विटा अशा
की दिवसभर प्यायलेली आग रात्री ओकतात.

एकोणीसशे चौदा नंबरचे थॅडियस बॉयकिन.
चार वर्षांत चेहरा पाहिला नाही मी त्यांचा.
फटीतून बोटं यायची फक्त,
लांब, एका नखाखाली रक्त साकळलेलं,
आणि आतून आवाज:
"बिलंच ना, बाई?"
"प्रेमपत्र वाटेत आहे तुमचं," मी म्हणायची.
एवढीच ओळख. हिशेब केला तर
दिवसाला नऊ सेकंद.

मंगळवारी ते पिवळं पाकीट मीच दिलं,
वीज कंपनीचं.
आत काय असतं ते उघडावं लागत नाही,
आम्हाला रंगावरून कळतं.
बुधवारी बोटं आली. ओली होती.
"पंखा रुसलाय आज."
गुरुवारी आली नाहीत. म्हटलं, डोळा लागला असेल.
शुक्रवारी पत्रं सोडली, आणि ऐकलं.

फरशीवर कागद पडला की टप्प वाजतं.
कागदावर कागद पडला की वाजत नाही,
सरकतो नुसता,
आत कुणी कूस बदलावी तसा.

ते ऐकलं मी.
ऐकून पुढच्या पायरीकडे वळले.
अजून दोनशे सदतीस दारं होती,
आणि कमरेला यंत्र,
एका जागी जरा जास्त थांबलं
की साहेबाच्या पडद्यावर मी लाल होते.

सोमवारी दारावर पोलिसांची पट्टी.
शेजार असा नव्हताच, दोन्ही बाजूंना
फळ्या ठोकलेली घरं.
समोरची डेलोरिस म्हणाली,
"मला वाटलं लेकीकडे गेला असेल."
लेक आहे हे मला ठाऊक नव्हतं.
तिचं पत्र येत नाही, एवढं ठाऊक होतं.

पेपरात कारण एका शब्दात आलं. उष्णता.
पाकिटाचा रंग कुणी लिहिला नाही.

सप्टेंबरात ज्येष्ठतेनं मला दुसरा मार्ग मिळाला,
उत्तरेकडचा. तीनच मैल.
तिथं ऊन ओकच्या पानांतून येतं,
चाळणीतून पीठ पडावं तसं, मऊ.
नको म्हणायला हवं होतंस, कुणी म्हणेल.
माझे गुडघे बावन्न वर्षांचे आहेत. मी घेतला.
पत्रपेट्या रस्त्यालगत, खांबांवर.
हाताला कुणाचाच श्वास लागत नाही.

जुना मार्ग आता मार्क्विसकडे. पोरसवदा, लांब ढांगांचा.
पहिल्या दिवशी सोबत गेले. चावरी कुत्री दाखवली,
कुठली पायरी हलते ते दाखवलं,
मग म्हटलं, अजून एक. पत्र टाकलंस की ऐक.
फरशीवर पडलं तर चालायला लाग.
कागदावर पडलं तर हाक मार. नावानं.
मग दार ठोक.

"आणि हे?" त्यानं कमरेचं यंत्र दाखवलं.
"होऊ दे लाल."

त्याच्या दोन्ही कानांत काहीतरी वाजत होतं.
एका कानातलं त्यानं काढलं, खिशात टाकलं.
दुसरं राहू दिलं.