ठिपक्यांतला आकडा

वेल्कोने यादी महिनाभर फ्रिजवर लावून ठेवली होती,
बाबांच्या औषधांच्या वेळापत्रकाशेजारी.
सैन्यात शंभरावर कामं असतात, तो सांगायचा,
दात बसवणारे, पूल बांधणारे,
हवामान सांगणारे, ट्रॉम्बोन वाजवणारेसुद्धा.
आधी काम ठरवायचं, मग सही. उलटं केलंस की गेलास.
हे त्याला शेजारच्या डेसान्काने सांगितलं होतं,
जिने उलटं केलं
आणि चार वर्षं बटाट्याची पोती मोजली.

त्याने एकाच ओळीभोवती पेन्सिल फिरवली होती:
स्फोटकं निकामी करणारे.
बाबा खाणीत सुरुंग लावायचे.
"त्यांनी लावले, मी काढीन," एवढंच बोलला
आणि वाडग्यात दूध ओतलं.
त्यानंतर मी फ्रिज उघडायचे तो
नजर खाली ठेवून, लोण्याच्या कप्प्याकडे.

लेखी परीक्षेत गुण भरपूर.
गुडघे ठीक, कान ठीक,
चड्डीवर बदकासारखं चालून दाखवलं, तेही ठीक.
मग एका बाईने पुस्तक उघडलं,
पानभर ठिपके,
आणि विचारलं, आकडा कोणता?
हा म्हणाला, कुठला आकडा?

तिने पान उलटलं. पुन्हा उलटलं.
पहिल्या पानावर बारा दिसले होते,
ते सगळ्यांनाच दिसतात म्हणे.

हे त्याने मला पार्किंगमध्ये सांगितलं,
मधल्या सुट्टीत, हीटर लावून,
सँडविचचा कागद मांडीवर तसाच.
एकोणीस वर्षं एका छपराखाली काढली
आणि आम्हा कुणाला पत्ता नाही.
मला टोमॅटो आठवले.
आई परसात पाठवायची, पिकलेलेच आणा.
मी नुसत्या नजरेने तोडायचे, दोन मिनिटांत परडी.
हा एकेकाला अंगठ्याने दाबायचा,
वाकून वास घ्यायचा,
आणि आई म्हणायची, बघ, शीक जरा, कसं जपून करतो.

लाल तार कुठली, हिरवी कुठली,
ज्याला सांगता येत नाही त्याला बॉम्बजवळ कोण फिरकू देईल?
मला आनंद झाला.
खोटं कशाला बोलू, इस्टरला चर्चमध्ये वाजतात
तशा घंटा वाजल्या छातीत.
चेहरा सुतकी ठेवून मी वायपर चालू केले.
बर्फ पडत नव्हता.

एक वाजता तो परत आत गेला.
दुसरी यादी होती, आखूड.
सार्जंट हॅलोरन म्हणाले, आजच काय ते ठरव,
उद्या या जागा असतील असं नाही.
भांडार. टपाल. धोबीघर.
मी गाडीत बसून मनात धोबीघराला मत देत होते,
गरम, कोरडं, साबणाच्या वासाचं.

चारला बाहेर आला, सही करून.
"मृतांचा विभाग," म्हणाला.
पट्टा लावला, मग पुढचं सांगितलं.
जे परत येतात त्यांची ओळख पटवायची.
खिशातलं एकेक काढून लिहायचं:
घड्याळ, एक, बंद. किल्ल्या, दोन.
पत्र, ओलं. वाचायचं नाही, फक्त लिहायचं की पत्र.
"आणि रंग?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.
"रंग लिहायला जोडीदार असतो."

ब्यूटमध्ये शिरलो तेव्हा अंधार पडला होता.
टेकडीवर बंद खाणींचे लोखंडी सांगाडे,
रात्री त्यांच्यावर दिवे लावतात, लाल.
पाहुणा आला की गाव आधी तेच दाखवतं,
दुसरं दाखवायला आहे काय.
सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं,
वेल्को, ते दिवे तुला कसे दिसतात?

बराच वेळ बघत राहिला.
"कसे म्हणजे? लागलेले," म्हणाला,
आणि हीटर एका खाचेने कमी केला.