पुढची वाट तशीच ठेव

नऊ दिवसांतून एकदा
ओउलूच्या बंदराजवळचा तो टॉवर मरायचा.
नेमका नववा नाही; कधी सातवा, कधी सोळावा,
आणि दरवेळी लॉगच्या शेवटच्या ओळीत
एक पत्ता, जिथे आता कुणी राहत नाही.

जानेवारी. सकाळी दहाला उजाडतं, तीनला विझतं.
मी कर्नलमधली एक साखळी वाचत होतो:
फोनांची यादी, प्रत्येक कडीच्या हातात
पुढच्या कडीचा पत्ता, बस्स.
आठ कोअर तिच्यावरून चालतात
एकमेकांकडे न बघता.
त्यांतलाच एक मध्येच थांबून कडी काढतो,
मागचीला सांगतो, आता हिच्या पलीकडचीला धर,
आणि निघालेल्या कडीची जागा
तिथल्या तिथे परत देऊन टाकतो.

ती ओळ माझी होती.
मी नीटनेटका माणूस. कुणाचा कप टेबलावर दिसला
की विसळून ठेवतो.

आधी मी कुलूप घातलं.
टॉवर मरेना, पण जो तो दाराशी ताटकळू लागला,
बंदरावरचे फोन
घास अडकल्यासारखे बोलू लागले.

आउने रेइनिक्का शेजारच्या खोलीतून आली,
एकसष्ट वर्षांची, पायांत नुसते लोकरीचे मोजे.
स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"काढलीस ते ठीक. घाई कशाची होती?"
"ती यादीत नाही ना आता."
"यादीत नाही. पण तिच्यावर कुणी उभं नाही
हे तुला कुणी सांगितलं?"

मग तिने वडिलांचं काढलं. उर्पो रेइनिक्का,
हाइलुओतो बेटाकडे जाणाऱ्या
बर्फावरच्या रस्त्याचे राखणदार.
समुद्र गोठला की पार बेटापर्यंत काठ्या रोवायच्या.
एप्रिलात बर्फ मऊ पडला
की एका सकाळी ते किनाऱ्यावर अडसर आडवा टाकत:
आता नवी गाडी नाही.
काठ्यांना मात्र हात लावत नसत.
कारण आत अजून कुणीतरी असायचंच,
पोस्टमन, सुईण, लग्नाहून परतणारं कुणी,
रस्ता बंद झाल्याचं ज्याला ठाऊकच नाही.
धुक्यात त्याला एक काठी दिसली पाहिजे,
आणि त्या काठीपाशून पुढची.
"किती वेळ थांबायचे?"
"शेवटचा उतरेपर्यंत. घड्याळ बघून नाही."
एका वर्षी त्यांनी लवकर उपटल्या, म्हणाली ती,
आणि कॉफी ओतायला उठली.
मी विचारलं नाही.

रात्री मी चार ओळी बदलल्या.
काढलेल्या कडीचा मागचा पत्ता विषारी केला,
उलट्या पावली कुणी आलंच तर मोठ्याने पडावं म्हणून.
पुढचा तसाच ठेवला.
नव्याला ती सापडणार नाही,
पण जो आधीच तिच्यावर पाय ठेवून उभा आहे
त्याला ती अजून खरंच सांगते: इथून असा जा.
मग थांबायचं.
आठही कोअर एकेकदा तरी
हातातलं खाली ठेवून दुसरीकडे वळतील, तोवर.
कुणाला हाक मारायची नाही, कुणाला अडवायचं नाही.
मग जागा परत.

घालतानाही तेच, आउने दारातून म्हणाली होती,
आधी तिच्या हातात पुढचा पत्ता दे, मग तिला दाखव.
आणि प्रोसेसरला बजाव,
त्याला क्रम फिरवायची खोड आहे.

सोळावा दिवस गेला. एकविसावा गेला.
टॉवर बोलतोय.

ती साडेसातलाच घरी गेली असावी.
टेबलाच्या कडेला तिचा कप,
तळाशी बोटभर कॉफी, गार झालेली.
उचलायला हात गेला होता माझा.
ठेवला तसाच.