फेरफार

उणे एकतीस. औलू शहराच्या गरम पाण्याच्या केंद्रात
रात्री अडीचला राइली किन्नुनेन
बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांनी
बसली आहे दोन यंत्रांपुढे.
दोन्ही म्हणतात, मी ठीक आहे.
दोघांपैकी एकाने गेल्या मंगळवारी
नदीपलीकडच्या चारशे घरांचं पाणी
कुणाला न सांगता तोडलं.

चोराला का कुणी विचारतं, तू चोर का?
ती यंत्राला कूळ विचारते.
हा प्रोग्रॅम कुणी बांधला, कुठल्या कोडमधून,
ते कोड दळलं कुठल्या कंपायलरने,
तो कंपायलर आधी कुठल्या जात्यातून आला
आणि ते जातं
टाकवलं कुणी?

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
हिला पगार त्याचाच आहे.
खिडकीबाहेर नदी गोठलेली.

पहिल्याची वही देखणी.
तासाच्या ठोक्याला नोंद, नोंदीखाली सही,
प्रत्येक सही आधीच्या सहीला धरून,
कुठे डाग नाही, खाडाखोड नाही.
तीन जानेवारीलासुद्धा नाही,
जेव्हा अकरा मिनिटं अख्ख्या गावात अंधार होता
आणि राइलीच्या लेकीने चाचपडत
पियानोवर एकच धडा तीनदा वाजवला होता.

दुसऱ्याची वही म्हणजे
घाईत लिहिलेली वाण्याची यादी.
‘१९:०४. बंद पडतोय.
१९:१५. उठलो. मधलं ठाऊक नाही.’
आणि पुढे एके ठिकाणी:
‘हाताने बदल: ताउनो हाल्मे. कारण:’
कारणापुढे काहीच नाही.

दोन्ही यंत्रं एकाच भिंतीतून वीज घेतात.

ती ताउनोला फोन लावते.
निवृत्त माणूस, सातव्या रिंगला उचलतो,
आधी खोकतो, मग म्हणतो,
हो, मीच. झडप अडकली होती.
लिहायला हवं होतं गं.
मग दोघंही काही बोलत नाहीत.
इतक्या सह्या, इतकी कुलपं, एकात एक गुंफलेली,
आणि शेवटचं टोक
एका म्हाताऱ्याच्या खोकल्याशी बांधलेलं.

पहिल्या यंत्राची वायर ती काढते.
कुठल्या हाताने ती वही नीटस केली
ते उजाडल्यावर पाहू.

मग स्वतःची नोंद. उद्या कुणीतरी
हिचंही कूळ विचारणार आहे.
‘दुसऱ्या यंत्रावर भरवसा ठेवला.
अकरा मिनिटांचा हिशेब नाही, तसं ते स्वतःच सांगतं.
हाल्मेच्या बदलाला पुरावा नाही.
आवाज ओळखीचा होता, इतकंच.’

वेळ: ३.२० लिहिते.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.
खोडून ३.२३ करते,
आणि खोडलेलं
वाचता येईल असं ठेवते.