डेड स्टॉक

कायद्यात लिहिलं होतं, दर तीस मीटरला एक खांब.
म्हणून दर तीस मीटरला एक खांब.
मखमलाबादच्या पाटालगत रस्ता संपतो,
पुढे नुसता द्राक्षाचा मळा आणि तारेचं कुंपण,
तिथेही एक, कुंपणाच्या आत,
कारण टेप तिथवर पोचली.

मी लेखापरीक्षणातली, वर्ग तीन.
निमाणीवरून सिटीबस, पुढे पायी,
पिशवीत डेड स्टॉकची नोंदवही, छत्री, शेंगदाण्याचे दोन लाडू.
सोबत शिपाई हिरामण गांगुर्डे, त्याच्याकडे खडू.
मोजलेल्या खांबावर तो फुली मारायचा,
म्हणजे तोच खांब परत मोजला जायला नको.
याआधी तसं झालं होतं. दोनदा.
बिलंही निघाली होती.

चारशे बारा खांब.
पेटणारे एकसष्ट.
त्यातला एक भर उन्हातही पेटलेला असतो,
त्याला रात्र कळते, सकाळ कळत नाही.
बॅटरीच्या पेट्या बहुतेक उघड्या, रिकाम्या;
एकीत साळुंकीने संसार थाटलेला,
एकीत कुणीतरी चपला ठेवलेल्या, नीट, जोडीने,
शेजारी देऊळ होतं.
सौरपट्टी कुठे वडाखाली, कुठे उत्तरेला तोंड करून रुसलेली.
आणि हातभर अंतरावर
महावितरणचा जुना खांब. चालू.

माहितीपत्रकावर दिव्याखाली अभ्यास करणारी मुलगी होती.
मी शोधली तिला.
सापडली असती तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिली असती.

एकशे सत्याऐंशी नंबरच्या खांबाला
पुंजाराम बोडकेने टपरीची ताडपत्री बांधलीय.
खांबाचा झालेला एवढाच उपयोग,
आणि तो अतिक्रमणात मोडतो.
इस्त्री कोळशाची. "विजेची परवडत नाही बाई,
बिलात दर महिन्याला नवा आकार उगवतो."
त्याने घरचं बिल काढलं, घडी कडक, कपड्यासारखी:
स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार,
आणि अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात,
हरित प्रकाश अधिभार.
नाव किती गोड ठेवलं होतं कायद्याचं.
उजेडाच्या विरोधात हात कोण वर करणार?

"यात माझे किती गेले?"

हा प्रश्न आमच्या नमुन्यात नाही.
तरी नोंदवहीच्या मागच्या पानावर मी मांडून पाहिलं.
अधिभार, अधिक घरपट्टीतला वाटा, चार वर्षांचा.
एक हजार एकशे छत्तीस.
पुंजारामने निखारे फुंकले.
"आठ रुपये नग. म्हणजे एकशे बेचाळीस शर्ट."
मग इस्त्री हवेतच धरून,
"पण कुणाचे केले मी?"
हिरामण हसला.
मी लाडू काढला, तो अर्धाच खाल्ला गेला.

अहवाल अठ्ठ्याऐंशी पानांचा. रंगीत प्रती चाळीस.
माझा प्रवासभत्ता तीनशे चाळीस,
तोही मी खर्चाच्या बेरजेत धरला.
साहेब म्हणाले, हे काढा, बरं दिसत नाही.
काढला. बेरीज तेवढीच राहिली,
कारण टंकलेखकाने खालची ओळ बदललीच नाही.

बैठक भर दुपारी, पडदे ओढून, सगळे दिवे लावून.
विषय क्रमांक चार: पट्ट्यांवर धूळ बसते,
सबब कायद्यात दुरुस्ती करून स्वच्छता अधिभार.
माझा अहवाल सोबत जोडला होता, आधार म्हणून.
धूळ मीच नोंदवली होती ना, पान एकोणीसवर.
मंजूर.

मी भिंतीलगतच्या खुर्चीत.
समोर पांढरे, फिके निळे, एक आंब्याच्या रंगाचा,
बाह्यांना अशी धार की बोट कापावं.
मी मोजायला लागले.
तेवीसपर्यंत आले तेव्हा कुणीतरी दिवे घालवले,
पडद्यावर नव्या खांबाचं चित्र दाखवायला.

खाली बसलेली मुलगी, पुस्तक उघडं.
तीच.