सटव्या आणि सटवाजी

विचारे माळावरच्या खिडकीतून बाई म्हणाल्या,
पन्नास सालाच्या आधीचा पुरावा आणा.

आजोबांच्या गावची शाळा. कपाटाला किल्ली लागेना.
मास्तरांनी दोनदा फुंकर मारून रजिस्टर उघडलं, पान सत्तावीस.
वरच्या ओळीत विनायकराव वल्द गोविंदपंत, वय सात.
खालच्या ओळीत आमचा म्हातारा, वय तेवढंच :
सटव्या वल्द भिव्या.
जन्म एक जून. अर्धं गाव एक जूनलाच जन्मलेलं.
शाळा सोडण्याचं कारण : सतत गैरहजर.
कुठं बसवत होते, तो रकानाच नाही.

व मोडला, य जोडला, काना ओढला.
टाक पुन्हा दौतीत बुडवायचीसुद्धा गरज पडली नसेल.

दाल्वाला फोटो पाठवला.
गेल्या श्रावणात ती ब्राझीलहून आली होती
सुभाषनगरात, आमच्याकडं चपलेची वेणी शिकायला.
पाहुणे नाकाला रुमाल लावतात, तिनं कातडं हुंगून बघितलं.
महाद्वार रोडला सगळे तिच्याकडं वळून बघायचे,
तिच्या केसांकडं, तिच्या रंगाकडं.
शेजारून मी चालले होते, माझ्याकडं कोण बघतंय?
बरं वाटलं.
ते बरं वाटलेलं अजून चावतं,
नव्या चपलेचा अंगठा चावतो तसं.

तिचं उत्तर आलं. फोनमधली बाई
पुण्याच्या मराठीत वाचून दाखवते, एकसुरी :
मुलगा, नऊ वर्षे. नाव जुआंव. आडनाव नाही.
डाव्या गुडघ्यावर व्रण. किंमत...
पुढं आकडा.
"तुझ्या आजोबांची किती लिहिली आहे?"

मी पान परत बघितलं.
न्हाई गं लिहिली.
विकायचं कुणाला होतं? फुकटच चालत होतं सगळं.
तिकडं ती हसली, इकडं मी.
मग बराच वेळ कुणीच काही पाठवलं नाही.

तिची कातडी तिच्या आधी दारात पोचते.
माझं आडनाव मागून येतं,
चहा पिऊन झाल्यावर,
आणि कपाकडं बघत उभं राहतं.

तीच सांगत होती, जपानात म्हणे
कातडं कमावणाऱ्यांची वेगळी वस्ती असायची.
चेहरा तोच, भाषा तीच, भातसुद्धा तोच,
तरी लग्न ठरताना लोक जुना पत्ता काढायचे.
मी म्हटलं, मग रंग लागतो कशाला?
ती म्हणाली, लागत नाही. सोपा पडतो.

आज प्रणोतीला घेऊन नोटरीकडं.
तिच्या वर्गातल्या पोरीला आजोबाकडनं चार एकर आलं, सातबाऱ्यासकट.
हिला आजोबांच्या बापाकडनं एक रकाना आलाय,
आणि तोही सिद्ध करून दाखवायचाय.

"मी शपथेवर लिहून देते की
सटव्या व सटवाजी ही एकाच व्यक्तीची नावे आहेत."

म्हातारा साठीला आल्यावर सही शिकला.
एवढीच चार अक्षरं. शेणानं सारवलेल्या भुईवर, काडीनं,
'जी' जमेपर्यंत जेवला नव्हता.

प्रणोती वाचता वाचता थांबली.
"आत्ती, एकच व्हते व्हय गं हे दोघं?"
नोटरी म्हणाला, इथं सही, आणि इथं.
पेन उठेना.
मी झटकलं. शाईचा थेंब उडाला
तो नेमका 'एकाच'वर.
"चालतंय वो," नोटरी म्हणाला, "वाचता येतंय की."